तेराव्याच्या सह्या आणि एकविसाव्या दिवसाची मुदत

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

घरातलं माणूस गेल्यावर कागदपत्रांच्या बाबतीत आपल्याकडे उलटा क्रम चालतो. ज्या कामांना कायद्याने मुदत घातली आहे ती 'दिवस होऊ द्या, मग बघू' म्हणून मागे पडतात. ज्यांना काडीचीही घाई नाही, ती मात्र भाऊबंद जमले आहेत तोवर तेराव्याच्या पंगतीनंतर उरकली जातात. पुढची दोन-तीन वर्षं जे हेलपाटे होतात, त्यांतले बरेचसे या उलट्या क्रमाचे असतात. महाराष्ट्रातल्या वाचकांना उपयोग होईल म्हणून हे थोडं सविस्तर लिहीत आहे.

पहिला कागद मृत्यूच्या दाखल्याचा. १९६९च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याप्रमाणे मृत्यूची माहिती २१ दिवसांत निबंधकाकडे गेली पाहिजे. रुग्णालयात मृत्यू झाला तर ती जबाबदारी रुग्णालयाची, घरी झाला तर घरातल्या कर्त्या माणसाची. २१ ते ३० दिवसांत गेलात तर विलंब शुल्कावर भागतं. तीस दिवसांनंतर वर्षाच्या आत जिल्हा निबंधकाची लेखी परवानगी लागते आणि वर्ष उलटलं की दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय नोंद होत नाही. नोंद होते ती मृत्यू जिथे झाला तिथे. गावचा माणूस शहरातल्या दवाखान्यात गेला असेल, तर दाखला त्या शहराच्या महापालिकेतच मिळणार; ग्रामपंचायतीत चकरा मारून उपयोग नाही. घरी मृत्यू झाला असेल तर आधी उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडून मृत्यूच्या कारणाचं प्रमाणपत्र, म्हणजे नमुना ४-अ, घ्यावं. शेवटच्या आजारात उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी ते विनाशुल्क द्यायचं असतं. स्मशानभूमीची पावतीही जपून ठेवावी.

खरी मेख आहे ती नावात. दाखल्यावर जे नाव येतं ते रुग्णालयाच्या माहिती अर्जावरून, म्हणजे नमुना २ वरून. हा अर्ज बहुधा रात्री-अपरात्री, बिलाच्या खिडकीपाशी, एखादा पुतण्या किंवा शेजारी भरतो. तो आपला 'बापू पाटील' सांगून मोकळा होतो. आधारवर नाव रामचंद्र, बँकेत आर. जी. पाटील, सातबाऱ्यावर रामा गणू! बायकांच्या बाबतीत तर हा घोळ दुप्पट. माहेरचं नाव सुलोचना, लग्नात बदललेलं मंदाकिनी. पोस्टाचं खातं एका नावाने, रेशनकार्ड दुसऱ्या. गेलेल्या माणसाच्या नावाची दुरुस्ती राजपत्रात छापून घेता येत नाही. मग प्रत्येक कार्यालयासाठी 'ही एकच व्यक्ती' असं प्रतिज्ञापत्र, दोन साक्षीदार, जुने पुरावे. यावर इलाज एकच आणि तो त्या पहिल्या दिवशीच करायचा: आधार कार्ड काउंटरवर ठेवायचं आणि अर्जातलं नाव, वडिलांचं किंवा पतीचं नाव, पत्ता आणि मृत्यूची तारीख स्वतः वाचून मगच अर्ज पुढे जाऊ द्यायचा. मध्यरात्रीच्या आसपास मृत्यू झाला असेल तर तारखेकडे विशेष लक्ष द्यावं. केसपेपरवर एक तारीख आणि दाखल्यावर दुसरी असली की विमा कंपनी अडून बसते. चूक राहिलीच, तर त्याच कायद्याच्या कलम १५ प्रमाणे निबंधकाकडे दुरुस्तीचा अर्ज देता येतो. हा अर्ज, दाखला इतर कार्यालयांत पोचण्याआधीच द्यावा.

आणखी एक बारीक गोष्ट. लोकांना मिळणाऱ्या दाखल्यावर मृत्यूचं कारण लिहिलेलं नसतं. कायद्यानेच ते उघड करायचं नसतं. म्हणून विमा कंपनी कारणाचा कागद वेगळा मागते. डिस्चार्ज कार्ड, केसपेपर, तपासण्यांचे अहवाल दवाखान्यातून निघतानाच ताब्यात घ्यावेत. अपघाती किंवा संशयास्पद मृत्यू असेल तर पोलिसांचा पंचनामा आणि शवविच्छेदनाचा अहवाल लागतो, आणि व्हिसेरा (तपासणीसाठी काढलेले अवयवांचे नमुने) राखून ठेवला असेल तर अंतिम कारण यायला महिने जातात. दावा तोवर थांबवू नये. अर्ज दाखल करून 'अहवाल प्रलंबित' असं लेखी कळवावं, म्हणजे मुदतीचा प्रश्न राहत नाही. दाखल्याच्या आठ-दहा मूळ प्रती घ्याव्यात. झेरॉक्सवर भागेल असं सगळे सांगतात आणि प्रत्यक्षात प्रत्येक खिडकीवर मूळ प्रत मागतात.

आता बँक. माणूस गेल्यावर त्याच्या एटीएम कार्डाने किंवा मोबाइलवरून पैसे काढणं हा आपल्याकडचा सर्रास चालणारा प्रकार. पिन माहीत असतो, खर्च समोर उभा असतो, त्यामागची अडचण समजण्यासारखी आहे. पण मृत्यूनंतरच्या तारखेचा प्रत्येक व्यवहार खातेउताऱ्यात कायमचा राहतो. एखाद्या वारसाचं पुढे बिनसलं, तर तोच उतारा फौजदारी तक्रारीला जोडला जातो. अंत्यविधीचा खर्च कुणीतरी स्वतःच्या खात्यातून करावा, पावत्या ठेवाव्यात आणि वाटणीच्या वेळी वळता करून घ्यावा. खातं 'दोघांपैकी कोणीही किंवा हयात असेल तो' या प्रकारचं असेल तर हयात खातेदाराला पैसे मिळतात. त्यालाही दाखला देऊन मयताचं नाव कमी करून घ्यावंच लागतं.

नॉमिनी किंवा हयात खातेदार असेल तर बँकेने फक्त दावा अर्ज, मृत्यूचा दाखला आणि त्या व्यक्तीचा ओळख-पत्त्याचा पुरावा एवढंच मागायचं आहे. रक्कम कितीही असो, वारसा प्रमाणपत्र किंवा जामीनदार मागता येत नाही. नॉमिनी नसेल तर रिझर्व्ह बँकेने २६ सप्टेंबर २०२५ रोजी काढलेले निर्देश वाचून मगच शाखेत जावं. त्यांची अंमलबजावणी बँकांनी उशिरात उशिरा ३१ मार्च २०२६ पर्यंत करायची होती. व्यापारी बँकेत १५ लाखांपर्यंत आणि सहकारी बँकेत ५ लाखांपर्यंतच्या रकमेसाठी न्यायालयाचं प्रमाणपत्र मागायचं नाही. अर्ज, इन्डेम्निटी बाँड (पुढे वाद झाल्यास बँकेचं नुकसान भरून देण्याची हमी), दावा न करणाऱ्या वारसांचं नाहरकत पत्र आणि वारस कोण ते सांगणारा दाखला किंवा बँकेला मान्य असलेल्या त्रयस्थाचं निवेदन यांवर काम झालं पाहिजे. सगळे कागद मिळाल्यापासून १५ दिवसांत दावा निकाली काढायचा. उशीर बँकेमुळे झाला तर ठेवीवर रिझर्व्ह बँकेचा 'बँक रेट' अधिक ४ टक्के व्याज आणि लॉकरच्या बाबतीत दर दिवसाला ५,००० रुपये भरपाई आहे. 'सगळे कागद मिळाल्यापासून' हे शब्द मात्र महत्त्वाचे. अर्जाची पोच आणि जोडलेल्या कागदांची यादी सही-शिक्क्यासह घेतली नाही, तर पंधरा दिवस कधी सुरू झाले हे कोण सिद्ध करणार?

मुदत ठेव मृत्यूमुळे आधी मोडली तर दंड लागत नाही, हे काउंटरवरच्या कर्मचाऱ्यालाही कधी कधी माहीत नसतं. पोस्टाचे नियम वेगळे आहेत. तिथे नॉमिनी नसेल तर ५ लाखांपर्यंतची रक्कम न्यायालयाच्या कागदाशिवाय मिळते, पण मृत्यूला सहा महिने झाल्यावर. पीपीएफचं खातं नॉमिनीला पुढे चालवता येत नाही. आणि पतसंस्था म्हणजे बँक नव्हे. तिथल्या ठेवींना बँक ठेवींसारखं ५ लाखांचं विमा संरक्षण नाही, आणि विसरलेल्या ठेवी शोधायच्या रिझर्व्ह बँकेच्या 'उद्गम' संकेतस्थळावरही त्या सापडणार नाहीत. कपाटातल्या पावत्या हाच तिथला पुरावा. त्या ठेवी आधी सोडवाव्यात.

नॉमिनी म्हणजे मालक, हा समज काही केल्या जात नाही. सर्वोच्च न्यायालयाने विम्याबाबत १९८४ मध्ये आणि शेअर-म्युच्युअल फंडांबाबत डिसेंबर २०२३ मध्ये (शक्ती येझदानी प्रकरणात) हेच सांगितलं की नॉमिनी पैसे स्वीकारतो आणि वारसांच्या वतीने सांभाळतो. हक्क मृत्युपत्राप्रमाणे, ते नसेल तर वारसा कायद्याप्रमाणे ठरतो. विम्याला २०१५ पासून एक अपवाद आहे: आई-वडील, पती-पत्नी किंवा मुलं नॉमिनी असतील तर ते 'लाभार्थी नॉमिनी' ठरतात आणि रक्कम त्यांचीच. हौसिंग सोसायटीत नॉमिनी आधी 'तात्पुरता सभासद' होतो. फ्लॅटची मालकी त्याने बदलत नाही. वारसाच्या नावे हस्तांतर करताना सोसायटीने प्रीमियम मागायचा नसतो, तरी कमिट्या मागतात आणि लोक देतात. नॉमिनी नसेल तर सोसायटी वर्तमानपत्रांतून हरकती मागवणारी जाहीर नोटीस काढते, म्हणून मृत्यूची लेखी खबर सोसायटीला लवकर द्यावी.

वारस कोण, याची यादी करतानाच सर्वांत महागडी चूक होते. हिंदू वारसा कायद्याप्रमाणे (बौद्ध, जैन, शीख धर्मीयांनाही हाच लागू; मुस्लीम, ख्रिस्ती, पारशी समाजांचे नियम वेगळे) पुरुषाच्या पहिल्या वर्गाच्या वारसांत पत्नी, मुलगे, मुली यांच्याबरोबर आई असते. वडील नसतात, ते दुसऱ्या वर्गात. तरुण मुलगा गेला की अर्जात पत्नी आणि मुलांची नावं लिहिली जातात, आई राहून जाते. पत्नी, दोन मुलं आणि आई मागे असतील तर त्याच्या स्वकष्टार्जित मालमत्तेत प्रत्येकीला-प्रत्येकाला चौथा हिस्सा. आईचं नाव गाळून केलेला प्रत्येक कागद पुढे कधीही आव्हानाला उघडा. आधीच वारलेल्या मुलाची किंवा मुलीची मुलं हेही वारसच. बाई मृत्युपत्राविना गेली तर आधी तिचा पती आणि मुलं. ते कोणीच नसतील, तर तिने स्वतः कमावलेलं सासरच्या वारसांकडे जातं, माहेरच्या नाही. फक्त आईवडिलांकडून वारशाने आलेली मालमत्ता अशा वेळी वडिलांच्या वारसांकडे परतते. नोकरी करणाऱ्या अपत्यहीन किंवा एकट्या स्त्रियांनी मृत्युपत्र का करावं, याचं याहून सबळ कारण नसेल. मृत्युपत्राला दोन साक्षीदार पुरतात, नोंदणी सक्तीची नाही.

शेतजमिनीकडे वळू. जमीन महसूल संहितेच्या कलम १४९ प्रमाणे वारसाने मिळालेला हक्क तीन महिन्यांच्या आत तलाठ्याला (आता ग्राम महसूल अधिकारी) कळवायचा असतो. अर्जासोबत दाखला, सगळ्या वारसांची नावं-वयं-पत्ते, वंशावळ आणि शपथपत्र. ई-हक्क प्रणालीतून घरबसल्याही अर्ज करता येतो. अर्ज आधी गाव नमुना ६-क मध्ये, म्हणजे वारसांच्या नोंदवहीत जातो, मग फेरफार (मालकीच्या नोंदीतला बदल) पडतो, हरकतीसाठी १५ दिवसांची नोटीस निघते आणि मंडल अधिकारी नोंद प्रमाणित करतात. यात न्यायालयाचा आदेश लागत नाही. हरकत आली तरच प्रकरण तक्रारीचं होतं आणि चौकशी लागते. १ एप्रिल २०२५ पासून राज्यभर राबवलेल्या 'जिवंत सातबारा' मोहिमेची गरज पडली, यावरूनच किती उताऱ्यांवर अजून मयत खातेदार नांदत होते ते कळतं. आजोबांच्या नावाचा उतारा तसाच राहिला की पीककर्ज, पीकविमा, भूसंपादनाचा मोबदला सगळं अडतं, आणि दुसरी पिढी गेली की वारस चारचे पंचवीस होतात.

फेरफाराची नोटीस हातात पडल्यावर दोन जागा डोळ्यांत तेल घालून बघाव्यात. एक, थोरल्या भावाच्या नावापुढे 'ए. कु. मॅ.' म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर असं लिहून बाकीच्या भावंडांना उताऱ्यावरून नाहीसं करण्याची जुनी सवय. दुसरं, बहिणींची नावं भोगवटादार (जमीनधारक) सदरात न लावता उजवीकडे 'इतर हक्क'मध्ये टाकणं. दिसायला नाव आहे, बहीण समाधानी. व्यवहारात तिची सही कुणी विचारत नाही. २००५च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित मालमत्तेतही मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे, आणि वडील दुरुस्तीच्या तारखेला हयात होते की नाही याने फरक पडत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केलं आहे. हरकत घ्यायची तर त्या १५ दिवसांत लेखी घ्यावी.

याच टप्प्यावर येतं हक्कसोडपत्र, म्हणजे आपला हिस्सा दुसऱ्या वारसाला सोडून देण्याचा कागद, आणि घाई नको म्हणतो ती इथे. तेराव्याला बहिणी माहेरी असतात, 'परत कधी याल' म्हणून दुय्यम निबंधक कार्यालयात गाडी नेली जाते. हक्कसोडपत्राला कायद्याने कोणतीही मुदत नाही. आज केलं काय, दोन वर्षांनी केलं काय, जवळच्या नातलगाच्या नावे विनामोबदला वडिलोपार्जित मालमत्तेचं असेल तर मुद्रांक शुल्क नाममात्रच. मात्र एकदा नोंदवलं की एकट्याच्या मर्जीने मागे घेता येत नाही. म्हणून आधी सगळ्यांची वारस नोंद होऊ द्यावी, मालमत्ता किती आणि कर्ज किती हे कागदावर यावं, मग ज्याला सोडायचा त्याने हक्क सोडावा. नुसतं नोटरी केलेलं हक्कसोडपत्र स्थावरासाठी चालत नाही, नोंदणी हवीच. अज्ञान मुलाचा हिस्सा आईलाही न्यायालयाच्या परवानगीविना सोडता किंवा विकता येत नाही, आणि तसा कागद मूल सज्ञान झाल्यावर रद्द करून घेऊ शकतं. वाटपच करायचं असेल तर सर्वांच्या संमतीने जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खाली तहसीलदारांकडे अर्ज करता येतो, हा मार्ग फार कमी लोक वापरतात. कलह असेल किंवा एखादी संस्था न्यायालयाचा कागद मागत असेल, तर ठेवी-रोख्यांसाठी वारसा प्रमाणपत्र, आणि स्थावरासाठी १८२७च्या मुंबई रेग्युलेशनखालचा (जुन्या कायद्याखालचा) वारस दाखला. दोन्ही दिवाणी न्यायालयातून मिळतात. वकिलाला भेटण्याआधी आपल्याला यांतलं नेमकं कोणतं हवं ते ठरवावं, नाहीतर वर्षभराने चुकीचा कागद हातात पडतो.

पैसे कुठे आहेत हे शोधायला सोपी जागा म्हणजे पासबुक. गेल्या दोन-तीन वर्षांच्या नोंदी ओळीने वाचाव्यात. मे-जूनच्या सुमारास ४३६ रुपये वजा झालेले दिसले तर ती प्रधानमंत्री जीवनज्योती विमा योजना, २० रुपये दिसले तर सुरक्षा विमा योजना. पहिल्यात कोणत्याही कारणाने आलेल्या मृत्यूसाठी २ लाख (नव्याने सहभागी झालेल्यांना पहिले ३० दिवस अपघात सोडून संरक्षण नाही), दुसऱ्यात अपघाती मृत्यूसाठी २ लाख. दावा त्याच बँक शाखेत, शक्यतो महिन्याच्या आत. पासबुकात विमा हप्ता, म्युच्युअल फंडाची एसआयपी, लॉकरचं भाडं, लाभांश हेही सापडतं. आयुर्विम्याची पॉलिसी तीन वर्षांहून जुनी असेल तर जुना आजार लपवला वगैरे कारण दाखवून कंपनी दावा नाकारू शकत नाही. नोकरीत असताना मृत्यू आला तर भविष्यनिर्वाह निधीचे तीन स्वतंत्र दावे असतात: जमा रक्कम (नमुना २०), कुटुंब पेन्शन (१०-डी) आणि विमा (५-आयएफ). तिसरा ७ लाखांपर्यंतचा असू शकतो आणि तोच राहून जातो, कारण त्यासाठी पगारातून काही कापलं जात नाही आणि घरच्यांना त्याचा पत्ताच नसतो. शेतकऱ्याचा अपघाती मृत्यू असेल तर गोपीनाथ मुंडे योजनेतून २ लाखांचं अनुदान आहे. प्रस्ताव तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे तातडीने द्यावा, ती योजना फार दिवस वाट पाहत नाही. दारिद्र्यरेषेखालील घरातला कमावता माणूस १८ ते ५९ वयात गेला तर तहसील कार्यालयात राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेचे २०,००० रुपये.

गाडी असेल तर आरटीओला ३० दिवसांत कळवायचं आणि तीन महिन्यांत नमुना ३१ भरून नावावर करून घ्यायची. गाडीचा विमाही सोबत बदलायचा, नाहीतर अपघात झाल्यावर नुकसानभरपाई वादात सापडते. पेन्शन, निराधार अनुदान, पीएम-किसान यांना लगेच कळवावं. नंतर जमा झालेला प्रत्येक हप्ता वसूल होतो, तोही बहुधा विधवेच्या पेन्शनमधून. पीएम-किसानला १ फेब्रुवारी २०१९ नंतर नावावर आलेली जमीन चालत नाही, पण वारसाने आलेली चालते. म्हणजे वारस नोंद झाली की नव्याने अर्ज करावा.

उलट पॅन परत करण्याची घाई करू नये. मृत्यूच्या तारखेपर्यंतच्या उत्पन्नाचं विवरणपत्र वारसाने भरायचं असतं, कापलेला कर त्याच पॅनवर परत मिळतो. ते सगळं संपलं की पॅन. मोबाइलचं सिमही सहा-आठ महिने चालू ठेवावं, व्यवहारासाठी नाही, तर विमा-फंडांचे संदेश दिसावेत म्हणून. आधारबाबत मात्र थांबू नये. 'माय आधार' संकेतस्थळावर कुटुंबीयाच्या मृत्यूची नोंद करण्याची सोय जून २०२५ पासून आहे. कर्जवसुलीवाले दारात आले तर एवढं ध्यानात ठेवावं की वारसाची जबाबदारी वारशात मिळालेल्या मालमत्तेपुरतीच असते. स्वतःच्या पगारातून फेडण्याच्या हमीपत्रावर सही करू नये. कर्जाला विमा जोडलेला होता का, हे आधी विचारावं.

या सगळ्यात यंत्रणेनेही दोन गोष्टी कराव्यात, त्यांना पैसाही लागत नाही. रुग्णालयांनी नमुना २ पुढे पाठवण्याआधी नातेवाइकाला वाचायला देऊन त्यावर सही घ्यावी. आणि बँकांनी मयत खातेदाराच्या दाव्याची कागदांची यादी मराठीत शाखेत लावावी, अपुरा अर्ज परत करताना काय अपुरं आहे ते त्याच दिवशी लेखी द्यावं. तोंडी 'उद्या या' म्हटलं की पंधरा दिवसांची मुदत सुरूच होत नाही, हे त्यांनाही चांगलं ठाऊक आहे.

कळावे,
आपला नियमित वाचक